जळगावची राज्यशास्त्राची रविवारची बॅच: सहाव्या रविवारसाठी तरी नक्की जा

जळगावातल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासची राज्यशास्त्राची बॅच मी नुकतीच पूर्ण केली. आठ रविवार, फी २,४०० रुपये. मी बोदवडहून एसटीने यायचे, भाकरी बांधून.

सहाव्या रविवारी राष्ट्रपतींची निवडणूक होती. या विषयाची मी वाट बघत होते. प्रतिभाताई पाटील आमच्याच तालुक्यातल्या, जन्म नाडगावचा. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या तेव्हा मी तिसरीत होते. आमच्याकडे साखर वाटली गेली आणि आजीनं विचारलं, "एवढ्या माणसांतून हिचंच नाव काढलं कोणी?" घरात कुणाला सांगता आलं नाही.

सरांनी आधी फळ्यावर आमदाराच्या मताचं मूल्य काढलं. १९७१ ची महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, भागिले २८८ आमदार, भागिले हजार, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. मग वर्गातच मतदान घेतलं. खासदारांना हिरवा कागद, आमदारांना गुलाबी. माझ्या शेजारणीनं पसंतीचा १ आकडा न लिहिता नुसती बरोबरची खूण केली, तिचं मत बाद झालं. आता परीक्षेत हे तिच्या किंवा माझ्या हातून चुकणार नाही.

पण खरी शिकवण त्याच्याही आधी झाली होती. उमेदवार ठरवायला दोन आघाड्यांचे तिघं-तिघं व्हरांड्यात गेले आणि आम्ही चाळीस जण आत बसून राहिलो. चार मिनिटांत ते दोन नावं घेऊन आले. सर अमळनेरचे, त्यांनी आमच्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "हाई कसं व्हयनं?" (हे कसं झालं?) एकालाही सांगता येईना. मला आजीच आठवली.

पुढचा तासभर सर याच व्हरांड्यावर बोलले. घटनेत पात्रता आहे: भारताचा नागरिक, ३५ वर्षं पूर्ण, लोकसभेवर निवडून यायला पात्र, लाभाचं पद नको. पण पक्षानं नाव कसं काढायचं, यावर एक ओळ नाही. याचा फायदाही आहे. एका पक्षाची मतं पुरत नाहीत तेव्हा दुसऱ्याला चालेल असं नाव शोधावं लागतं. २००२ मध्ये कलामांच्या नावावर भाजप आणि काँग्रेस एकत्र आले ते त्यामुळेच. २००७ मध्ये काँग्रेसची डाव्या पक्षांशी बोलणी झाल्यावर राजस्थानच्या राज्यपाल असलेल्या ताईंचं नाव पुढे आलं, आणि भाजपच्या आघाडीत, एनडीएत, असूनही शिवसेनेनं त्यांना मत दिलं. तोटा एवढाच, आणि मला तो मोठा वाटतो: कुणाचं नाव का मागे पडलं, हे आपल्याला अधिकृतपणे कधीच कळत नाही.

अमेरिकेचा भाग सरांनी पंधरा मिनिटांत उरकला, तो अजून हवा होता. १९६८ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री एकही प्रायमरी (उमेदवार ठरवायला पक्ष राज्याराज्यांत घेतो ते मतदान) न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात रण माजलं आणि पुढे नियम बदलले. आता मतदार उमेदवार निवडतात. तरी आयोवा, न्यू हॅम्पशायरसारखी लहान राज्यं आधी कौल देतात आणि बाकीच्यांपर्यंत वेळ येईतो निम्मे इच्छुक बाद झालेले असतात. २०१६ मध्ये ट्रम्प प्रायमरीत निम्म्याहून कमी मतं मिळूनही उमेदवार झाले, कारण विरोधातली मतं खूप जणांत वाटली गेली. दार उघडं ठेवलं की सगळं सुटतं असं नाही, हे मला तिथे पटलं. तरी मी उघडं दारच पसंत करीन.

आता तक्रार. छापील नोट्समध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारी अर्जाला १० सूचक, १० अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत असं आहे. १९९७ पासून ते ५०, ५० आणि १५,००० झालंय. चाचणीत मी बरोबर लिहिलं, तर उत्तरतालिका जुन्या नोट्सची, म्हणून दोन गुण गेले. ऑफिसात दाखवलं तर "पुढच्या छपाईत बघू." गरीब घरची पोरं या नोट्सवर विसंबून परीक्षेला बसतात, त्यांचं काय? मेमधल्या दुपारी मागच्या बाकांवर पंखाही पोचत नाही, पाण्याची बाटली मोठी न्या.

शिकवण्याला साडेचार, नोट्सना दीड. सर तेच असतील तर जरूर नाव घाला. आत शिरताच पान ४१ वरचे तिन्ही आकडे पेनानं दुरुस्त करा.