१९३० वर फोन केला, त्याचा अनुभव

बार्शीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविमा, स्कॉलरशिप, इन्कमटॅक्सचं रिटर्न, सगळं ऑनलाइन भरून देते. लोक मोबाइल काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "ताई, हे काय आलंय बघा जरा." त्यामुळे १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मला पाठ होता. पण स्वतः लावायची वेळ आली ती गेल्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या शनिवारी. २३ ऑगस्ट २०२५. आणि तीही सख्ख्या मामांसाठी.

मामा एसटीत कंडक्टर होते, आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्तीचे पैसे एफडीत आहेत. व्याजातून कर कापू नये म्हणून बँकेत १५एच फॉर्म द्यायचा होता, तो राहिला, म्हणून व्याजावर टीडीएस कापला गेला. तो परत मिळावा म्हणून जुलैत मीच त्यांचं रिटर्न भरलं होतं. ७,६४० रुपये यायचे होते. मामा दर दोन दिवसांनी विचारायचे, "आला का गं रिफंड?" हे सांगते कारण लोक पटकन म्हणतात, "एवढं कसं कळलं नाही?" त्यांना खरंच रिफंडची वाट होती. आणि मेल आला तो रिफंडचाच.

तो मेल मी नंतर नीट पाहिला. वर अशोकस्तंभ, खाली निळी पट्टी, पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत इन्कमटॅक्स डिपार्टमेंट. मोबाइलवर फक्त नाव दिसतं. त्या नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. तिथे इन्कमटॅक्स हा शब्द होता, पण शेवटी डॉट गव्ह डॉट इन नव्हतं, भलतंच काहीतरी होतं. मजकुरात "प्रिय करदाता", मामांचं नाव कुठेच नाही. रक्कम १५,४९० रुपये. "आज रात्री बारापर्यंत खातं पडताळा, नाहीतर रिफंड रद्द." त्याखाली हिरवं बटण.

बटण दाबल्यावर पॅन, जन्मतारीख, मग एटीएम कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी. पहिला ओटीपी चुकला म्हणून दुसरा मागितला. खरं तर तो दुसऱ्या व्यवहाराचा होता. आयकर खात्याचा रिफंड पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट येतो. त्याला कार्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. हे एक वाक्य मी जुलैत रिटर्न भरतानाच मामांना सांगायला हवं होतं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती देताना सांगते.

१२ वाजून ४२ मिनिटांनी २४,९९९ गेले, ४५ मिनिटांनी १८,५००. मामा दुकानात आले दीड वाजता. स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मोबाइल पुढे सरकवला. ती पाऊण तासाची वेळ कुठे गेली? मामीला कळू नये म्हणून ते घराच्या मागे उभे राहून त्याच मेलला उत्तर लिहीत होते, "साहेब, चुकून पैसे गेले, परत करा." तिकीट फाडताना आठ आणे इकडे तिकडे न होऊ देणारा माणूस. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी आधी १९३० लावला. बँकेला चौथ्या शनिवारची सुट्टी होती. कार्ड ब्लॉक करायला बहिणीला तिच्या फोनवरून बँकेचा कस्टमर केअर लावायला सांगितला, तो नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. गूगलवर शोधायचा नाही, तिथेही खोटे नंबर टाकलेले असतात.

१९३० वर पलीकडे एक बाई होत्या, मराठीत बोलल्या. कुठेही "तुम्ही ओटीपी का दिलात?" असं विचारलं नाही. मामांचं नाव, मोबाइल नंबर, जिल्हा, बँक, खाते क्रमांक, मग दोन्ही व्यवहारांची वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक. हा संदर्भ क्रमांक बँकेच्या एसएमएसमध्ये असतो. मी तो कागदावर लिहून ठेवला होता म्हणून पटकन सांगता आला. ज्या फोनवरून बोलतोय त्याच फोनमध्ये एसएमएस शोधायला गेलं की गडबड होते. एक आकडा मी चुकीचा वाचला, तर त्यांनी थांबवून पुन्हा वाचायला लावला. अकरा मिनिटांत फोन संपला आणि मामांच्या मोबाइलवर १४ आकड्यांचा पोच क्रमांक आला.

फोननंतर आत काय होतं, हे लोकांना ठाऊक नसतं म्हणून "पोलिसांना सांगून काय उपयोग" असं वाटतं. ही यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आय४सी या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची आहे. नंबर आधी १५५२६० होता, २०२२ पासून १९३० झाला. आपली तक्रार थेट बँकांच्या आणि वॉलेट कंपन्यांच्या पडद्यावर जाते. पैसे ज्या खात्यात गेले ती बँक बघते की रक्कम अजून आहे का. असेल तर तिथेच अडवते. पुढे गेली असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. चोरही थांबलेला नसतो, तो पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फोडत असतो, शेवटी एटीएममधून काढतो. म्हणून वेळ इतका महत्त्वाचा आहे.

आमच्या बाबतीत १८,५०० एका ऑनलाइन खरेदीत अडकले होते, ते पूर्ण थांबले. २४,९९९ वॉलेटमधून पुढे गेले होते, त्यातले ६,२०० एका खात्यात सापडले, बाकीचे काढून झाले होते. म्हणजे ४३,४९९ पैकी २४,७०० अडवले. मामा पाऊण तास आधी आले असते तर? हा विचार मी त्यांच्यासमोर एकदाही बोलून दाखवलेला नाही.

त्याच संध्याकाळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली. फोननंतर २४ तासांत ती भरावी लागते. मेलचा स्क्रीनशॉट, एसएमएस, पासबुकाचं पान जोडलं. मामा तो मेल डिलीट करायला निघाले होते, त्यांना थांबवलं. तोच पुरावा आहे.

सोमवारी बँकेत गेलो. शाखेचं नाव लिहीत नाही. तिथले साहेब म्हणाले, "ओटीपी आजोबांनीच दिलाय, आता काही होणार नाही," आणि अर्ज घेतच नव्हते. मामा उठायलाच लागले होते. मी बसून राहिले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे कळवल्याची वेळ कागदावर असणं हा आपला हक्क आहे. मग शिक्का आणि तक्रार क्रमांक मिळाला. सत्तरीतल्या माणसाला खिडकीवर असं परत पाठवणं मला अजून विसरता येत नाही.

अडवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, हे लिहायलाच हवं. फोन केला की पैसे मिळाले असं समजून बरेच लोक पुढचं काही करत नाहीत. आम्हाला पोलिस ठाण्यात जबाब द्यावा लागला, आणि मग न्यायालयात अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली तो केला. हवालदारांनी अर्जाचा नमुना दिला, कोणती कागदपत्रं लावायची ते लिहून दिलं. तीन फेऱ्या झाल्या. दत्तजयंतीच्या सुमारास मामांच्या खात्यात २४,७०० जमा झाले. खरा रिफंड, ७,६४०, त्याच्या बराच आधी येऊन गेला होता.

तारे द्यायचे तर १९३० ला पाचपैकी पाच. उरलेले १८,७९९ गेले म्हणून मी तारा कापणार नाही, कारण ते फोन करण्याआधीच गेले होते. फुकट सेवा, आपल्या भाषेत, सुट्टीच्या दिवशी, आणि रडणाऱ्या माणसाला न दुखावता. पैसे गेले नसतील, नुसता संशय असेल, तर मात्र हा नंबर अडवून ठेवू नका. खोटा फोन किंवा मेसेज आला तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे कळवा. आयकराच्या नावाचा मेल असेल तर आयकर खात्याच्या साइटवर खोटे मेल कळवण्याचा पत्ता दिलेला आहे, तिकडे पुढे पाठवा.

आणखी एक. ऑक्टोबरमध्ये मामांना फोन आला. "१९३० मधून बोलतोय, तुमचे २४,७०० सोडवायचेत, दोन हजार प्रोसेसिंग फी पाठवा." मामांचं नाव आणि अडवलेली रक्कम, दोन्ही बरोबर. ही माहिती बाहेर कशी गेली, कोण जाणे. पैसे सोडवायला १९३० वाले किंवा पोलिस कधीच फी मागत नाहीत. मामांनी "थांबा, भाचीला देतो" म्हणत फोन माझ्या हातात दिला. मी त्याला पोच क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारले, तर त्याने फोन ठेवला. तोही नंबर त्याच संध्याकाळी चक्षूवर कळवला.