‘क्रेडिट कार्ड घेता का?’ असं आधी विचारणारा क्लायंट

सांगलीत राहून मी फ्रीलान्स वेब डिझाइनची कामं करतो. दातांचे दवाखाने, मंगल कार्यालयं, हळदीचे व्यापारी, शिकवणी क्लासेस हे माझे क्लायंट. बिलं लहान असतात, पण माणसं ओळखीची असतात. अशा कामात फसवणूक म्हटली की आपल्याला पैसे बुडवणारा क्लायंट आठवतो. माझ्या बाबतीत उलटं झालं. क्लायंटने पैसे आगाऊ दिले, तेही बिलापेक्षा जास्त, आणि त्यातूनच माझे १,३५,००० रुपये गेले. ही पद्धत आपल्याकडच्या अनेक डिझायनरना माहीत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ईमेल इंग्रजीत होता. अमेरिकेत राहतो, भारतातून हळद आणि मसाले मागवून तिकडे विकतो, धंदा वाढवायचाय, साधी माहिती देणारी वेबसाइट हवी. नमुन्यासाठी एका साइटची लिंक होती आणि ‘एवढीच पानं, पण याहून चांगली’ असं लिहिलं होतं. बजेट सांगितलेलं, मुदतही सांगितलेली. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या साइट मी केलेल्या असल्याने हा माणूस ते काम बघूनच आला असणार, असं वाटणं साहजिक होतं. शेवटी लिहिलं होतं की ऐकण्या-बोलण्याच्या त्रासामुळे तो दवाखान्यात आहे, फोनवर बोलता येणार नाही, मेसेज चालतील. आणि त्याखाली प्रश्न: तुम्ही क्रेडिट कार्डाने पैसे घेता का?

मी ९०,००० चं एस्टिमेट पाठवलं, निम्मे आगाऊ. त्याने तासाभरात होकार दिला. इथे जरा थांबा. आपला खरा छोटा क्लायंट असं कधी करत नाही. तो घासाघीस करतो, भावाला विचारून सांगतो म्हणतो, लोगो मोठा करा म्हणतो, ‘डोमेन त्यातच धरा ना’ म्हणतो. ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात तो प्रश्न विचारतोच. या माणसाने रंग, पानं, मजकूर यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं सगळं बोलणं पैसे कधी आणि कसे घेणार यावर होतं.

मग मुख्य भाग आला. साइटचा मजकूर आणि लोगो एका कन्सल्टंटकडे आहेत, त्याची फी द्यायची आहे, पण तो कार्ड घेत नाही. तेव्हा क्लायंटचं म्हणणं असं की माझ्या कार्डावरून एकदमच रक्कम घ्या, तुमचे ४५,००० ठेवा, कन्सल्टंटला १,३५,००० पाठवा आणि तुमच्या त्रासाबद्दल वरचे ५,००० तुम्हाला. मी पेमेंट गेटवेची, म्हणजे कार्डाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या सेवेची, लिंक पाठवली. पहिलं कार्ड चाललं नाही. दुसऱ्याने १,८५,००० भरले गेले. दोन-तीन दिवसांत गेटवेची फी वजा होऊन पैसे माझ्या बँक खात्यात आले. खात्यात पैसे दिसल्यावरच मी कन्सल्टंटच्या, दुसऱ्या राज्यातल्या एका बँक खात्यावर आयएमपीएस केलं. पुढच्या आठवड्यात क्लायंटला आणखी पैसे हवे झाले, या वेळी एसईओसाठी, म्हणजे साइट गूगलवर वर दिसावी यासाठी. मजकूर काही आलेला नव्हता. मी नाही म्हटलं, आणि तिथून मेसेज बंद.

काही आठवड्यांनी गेटवेचा ईमेल आला: चार्जबॅक, म्हणजे कार्डमालकाच्या तक्रारीवरून बँकेने पैसे परत मागणं. कार्ड चोरीचं होतं. ज्या बाईचं ते कार्ड होतं, तिने आपल्या बँकेला कळवलं की हा व्यवहार मी केलेला नाही. तिचं बरोबरच होतं. गेटवेने पूर्ण १,८५,००० माझ्याकडून वसूल केले. कन्सल्टंटला गेलेले पैसे मात्र माझे, खरे होते, आणि ते परत आले नाहीत. गेटवेची फीही गेली.

इथला तांत्रिक मुद्दा आपल्या लोकांनी नीट समजून घ्यायला हवा. भारतात २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने जास्तीची पडताळणी सक्तीची केली आहे. त्यामुळे ‘पैसे भरले म्हणजे ओटीपी टाकला, म्हणजे मालकानेच भरले’ असं आपल्या अंगवळणी पडलंय. परदेशी बँकेच्या कार्डाला ते लागू नाही. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की पुष्कळदा व्यवहार होऊन जातो. पडताळणी झालेली नसेल तर वादाचा भुर्दंड सहसा व्यापाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर पडतो. आणि व्हिसा, मास्टरकार्डच्या नियमांत तक्रारीची मुदत साधारण १२० दिवसांची असते. खात्यात जमा झालेले कार्डाचे पैसे तोवर पक्के नसतात. आपण केलेलं डिझाइन, ईमेल, इनव्हॉइस असे सगळे पुरावे गेटवेला दिले तरी उपयोग होत नाही, कारण कार्डाच्या मालकिणीने काम सांगितलेलंच नसतं.

नंतर शोधल्यावर कळलं की हेच पत्र जगभरच्या डिझायनरना कित्येक वर्षं जातंय. मूळ पत्रात हळदीच्या जागी कोला नट आणि कोको असतात. दवाखाना, बहिरेपणा, कन्सल्टंट, ‘मजकूर त्याच्याकडे आहे’, सगळं तसंच. फोन टाळायला दवाखाना लागतो आणि पैसे कार्डावरून रोखीत वळवायला कन्सल्टंट लागतो. साइट त्यांना नकोच असते. आजारी माणसाबद्दलची आपली माणुसकी ते वापरतात, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप येतो.

याचा देशी प्रकारही आहे. इचलकरंजीतल्या माझ्या एका मित्राला क्लायंटने ‘चुकून’ जास्त पैसे पाठवले आणि उरलेले दुसऱ्याच नंबरवर यूपीआय करायला सांगितले. आलेले पैसे कुणातरी तिसऱ्याला फसवून काढलेले होते. त्या माणसाने सायबर तक्रार केली, पैशांचा माग मित्राच्या खात्यापर्यंत आला आणि खातं गोठवलं गेलं. घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं अडकलं. तो अजून बँक आणि पोलीस यांच्यात फेऱ्या मारतोय.

पैसे पुढे पाठवून झाले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. चार्जबॅकची वाट बघत बसू नका. समोरच्या खात्यातून पैसे निघायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथेच रोखता येतात. माझ्या वेळी ते खातं केव्हाच रिकामं झालं होतं. तरीही तक्रार असलेली बरी, कारण उद्या कुणी विचारलं तर आपण साखळीतले भागीदार नसून फसवले गेलेले आहोत हे नोंदीत राहतं. मेसेज, ईमेल, व्यवहाराचे नंबर, काहीही डिलीट करू नका.

माझ्या एस्टिमेटमध्ये आता दोन ओळी असतात: क्लायंटच्या वतीने कुणाही तिसऱ्याला पैसे दिले जाणार नाहीत, आणि परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने होईल. परदेशी कामाचे पैसे मी थेट बँकेतून बँकेत मागवतो. मस्कतमधल्या एका मराठी उपाहारगृहवाल्याने दोन्ही ओळी वाचून फक्त ‘ठीक आहे’ एवढंच म्हटलं आणि आगाऊ रक्कम पाठवली.

तुमच्याकडे असे जास्तीचे पैसे आत्ता येऊन पडले असतील आणि कन्सल्टंटला द्यायचे राहिले असतील, तर गेटवेच्या डॅशबोर्डवरून पूर्ण रिफंड टाका. यूपीआयने नाही, दुसऱ्या कार्डावर नाही, ज्या कार्डावरून आले त्यावरच. समोरचा विनवण्या करेल, मग कोर्टाची भाषा करेल. त्याला उत्तर देऊ नका. रिफंड गेला की पैसे ज्याचे कार्ड चोरलं गेलं त्याच्याकडे परत जातात.