धुळ्याहून रेल्वे: चाळीसगावमार्गे की मनमाड–इंदूर?

चाळीसगावची गाडी आज धावते, हे तिचं मोठेपण. पण मुंबईला जायचं असूनही आधी आग्नेयेला उतरायचं, मग मुख्य मार्गाने पश्चिमेला मनमाडकडे वळायचं. आणि उत्तरेला? तिथे ती काहीच देत नाही. इंदूरसाठी सेंधव्याचा घाट चढणारी बसच.

मनमाड–इंदूर मार्ग नेमका इथेच भारी पडतो: मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा सरळ रेषेत. शिरपूरला तर पहिल्यांदाच रेल्वे दिसेल. कित्येक दशकं मागणी झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. मला हाच मार्ग हवा. तोवर बॅग चाळीसगावच्याच गाडीत.