जुनं कार्ड विकत घ्यावं की नवं टपालाने मागवावं?

माझ्या भाचीला युरोपातले किल्ले, जुनी गावं आणि चॅपल यांची चित्रकार्डं जमवायची आहेत. महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढायची तिची तयारी आहे. प्रश्न एवढाच, की हे पैसे शंभर वर्षांपूर्वीच्या कार्डांवर घालायचे, की पोस्टक्रॉसिंग या संकेतस्थळावरून जगभरच्या माणसांशी नव्या कार्डांची देवाणघेवाण करायची? मी दोन्ही केलं आहे, जुनी कार्डं सोळा वर्षं आणि नवी नऊ वर्षं. तिला जेवणाच्या टेबलावर दोन डबे शेजारी ठेवून जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी एका शब्दाबद्दल. 'कासल'ला आपण सरसकट किल्ला म्हणतो आणि डोळ्यांपुढे गाविलगड आणतो: डोंगरमाथा, लांबच लांब तट, आत तळी. युरोपातला कासल बहुतेक वेळा एका सरदाराचं तटबंदीचं घर असतं. आपल्या वऱ्हाडातली गढीच त्याच्या जास्त जवळची. गढी पडते, विकली जाते, दगड गावकरी घेऊन जातात, मग एखादा वारस येऊन ती परत उभी करतो. चॅपलही गावचं मोठं चर्च नव्हे, तर वाड्यातलं, इस्पितळातलं किंवा टेकडीवरचं लहान प्रार्थनाघर. या वास्तू सतत बदलत आल्या आहेत. जुन्या कार्डाची खरी किंमत त्या बदलामुळे आहे.

स्कॉटलंडचा आयलन डोनन घ्या. तीन खाड्या मिळतात तिथलं बेट, दगडी कमानींचा पूल आणि पुलाच्या टोकाला किल्ला. नवं कार्ड पाहणाऱ्याला तो मध्ययुगापासून तसाच उभा आहे असं वाटतं. प्रत्यक्षात १७१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी तो उद्ध्वस्त केला आणि पुढची दोनशे वर्षं तिथे पडक्या भिंतीच होत्या. आजची इमारत १९१९ ते १९३२ या काळात बांधली गेली आणि पूलही तेव्हाचाच. माझ्याकडे पहिल्या महायुद्धाआधीचं एक कार्ड आहे. त्यात बेटावर भिंतींचे सुळके आहेत, पूल नाही. नवं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं की पाहणारा गप्पच होतो. भाचीही झाली.

फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या ओ-कोनिग्सबुर किल्ल्याची गोष्ट याहून रंगतदार आहे. १८७१ ते १९१८ हा प्रदेश जर्मनीकडे होता. सेलेस्टा शहराने १८९९ मध्ये किल्ल्याचे अवशेष जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याला भेट दिले आणि त्याने १९०० ते १९०८ या काळात तो पुन्हा बांधून घेतला. त्यामुळे आधीच्या कार्डांवर अवशेष दिसतात, पुढच्यांवर नवाकोरा किल्ला, आणि छापलेलं नाव जर्मन. १९१८ नंतर चित्र तेच, पण नाव फ्रेंच. चार कार्डं ओळीने मांडली की त्या प्रांताची पन्नास वर्षं समोर येतात. नव्या कार्डांतून हे कधीच मिळणार नाही.

गावांच्या बाबतीत तर काही वेळा जुनं कार्ड हाच पर्याय उरतो. इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं टायनम डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराच्या सरावासाठी रिकामं केलं गेलं आणि गावकऱ्यांना तिथे परत राहायला जाता आलं नाही. फ्रान्समधल्या ओरादूर-सूर-ग्लानमध्ये १० जून १९४४ रोजी नाझी सैनिकांनी सहाशेहून जास्त माणसं मारली आणि गाव जाळलं. ते अवशेष आजही तसेच राखले आहेत. युद्धाआधीच्या कार्डांत तिथला रस्ता, दुकानं, दारात उभी माणसं दिसतात. अशी कार्डं मी वेगळ्या पाकिटात ठेवते आणि कुणाला दाखवायची असली तर आधी गोष्ट सांगते.

जुनी कार्डं ओळखायची कशी? उलटी बाजू आधी पाहायची. ब्रिटनने १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून एकात मजकूर लिहायची मुभा दिली. फ्रान्स पाठोपाठ आला, जर्मनी १९०५ मध्ये आणि अमेरिका १९०७ मध्ये. त्याआधीच्या कार्डावर मागची सगळी बाजू पत्त्याची. म्हणून लोक चित्राच्या कडेकडेने, आभाळात, किल्ल्याच्या पायथ्याशी बारीक अक्षरांत लिहीत. पुष्कळ नवे संग्राहक असं कार्ड 'खराब केलेलं' म्हणून सोडतात. मला तीच जास्त आवडतात. ब्रिटनमध्ये देशांतर्गत कार्डाचा दर जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी होता, नंतर एक पेनी झाला. शिक्क्यावरचं साल पुसलेलं असलं तरी एकटं अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट पाहून अंदाज बांधता येतो.

नक्कल ओळखायला दोन वस्तू पुरतात. घड्याळजी वापरतात तसलं भिंग घ्या. फोटोकागदावर थेट छापलेल्या कार्डात ठिपके दिसत नाहीत, आणि तिरपं धरलं तर काळ्या भागाच्या कडांना बरेचदा रुपेरी झाक येते. साध्या छपाईत ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसते. दुसरी वस्तू नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची टॉर्च. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं १९५० च्या सुमारास वापरात आली. '१९०५ चं' म्हणून दिलेलं कार्ड त्या प्रकाशात निळंपांढरं चमकलं तर ते परत करा. परदेशातल्या एका विक्रेत्याने मला असं कार्ड पाठवलं होतं. पैसे परत मिळाले, पण त्यात तीन महिने गेले, आणि चित्र मनात भरल्यावर ते पाकिटात घालून परत पाठवणं फार जिवावर आलं.

आता पैशांचं. जुनी चित्रकार्डं नागपुरात शोधून फारशी हाती लागत नाहीत. इतवारीतल्या रद्दीत किंवा नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनात मिळतात ती बहुतेक सरकारी साधी कार्डं. भारतात ती १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाली. त्यांचा वेगळा छंद होतो, पण त्यावर किल्ला नसतो. म्हणजे वळायचं ईबे किंवा डेलकँप या इंटरनेटवरच्या बाजारांकडे. डेलकँपवर सामान्य फ्रेंच कार्ड दोन-तीन युरोला मिळतं, पण टपालखर्च तेवढाच किंवा त्याहून जास्त पडतो. पाचशे रुपयांत महिन्याला जेमतेम एक कार्ड. एकाच विक्रेत्याकडे चार-पाच कार्डं जमेपर्यंत थांबून एकदम मागवलं तर खर्च बराच उतरतो. फ्रेंच विक्रेते कार्डं जिल्ह्यांप्रमाणे लावतात. त्यामुळे नुसतं 'चॅपल' शोधू नका. चॅपल ज्या गावात आहे त्या गावाचं नाव आणि जिल्हा आधी शोधून ठेवा.

देवाणघेवाणीत याच पैशांत दहाच्या आसपास कार्डं बाहेर जातात आणि साधारण तेवढीच परत येतात. पोस्टक्रॉसिंग २००५ मध्ये एका पोर्तुगीज विद्यार्थ्याने सुरू केलं. तुम्हाला एक अनोळखी पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक लिहून कार्ड पाठवायचं, ते पोचल्याची नोंद झाली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेत ठेवता येतात. साठ दिवसांत न पोचलेल्या कार्डाची जागा पुढच्यासाठी मोकळी होते. काय आवडतं ते आपल्या ओळखीत लिहिता येतं, पण हक्काने मागता येत नाही.

इथे किल्ले जमवणाऱ्याची अडचण होते. जर्मनीत सभासद खूप आहेत आणि त्यांना 'किल्ला' म्हटलं की बहुतेकांना नॉयश्वानश्टाइन आठवतो. माझ्याकडे त्याची तेवीस कार्डं आली आहेत, त्यातली बरीच एकाच कोनातून. (त्याची पायाभरणी सप्टेंबर १८६९ मध्ये झाली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातलं पहिलं पोस्टकार्ड त्याच वर्षी १ ऑक्टोबरला काढलं. दोघं एका वयाचे आहेत, हे मला फार गोड वाटतं.) म्हणून ओळखीत 'किल्ले आवडतात' असं लिहू नका. 'तुमच्या घरापासून सर्वांत जवळची जुनी वास्तू पाठवा' असं लिहा. मी ते बदललं तेव्हापासून ज्यांची नावंही ऐकली नव्हती अशी गावं येऊ लागली.

चॅपलसाठी मात्र नवी कार्डंच बरी. लहान प्रार्थनाघरं दाराशी टेबल मांडून स्वतःची कार्डं विकतात, ती बाजारात येत नाहीत. तिथे जवळ राहणारा माणूसच ती पाठवू शकतो. फ्रान्समधल्या ल प्वी इथल्या ज्वालामुखीच्या सुळक्यावर, २६८ पायऱ्या चढून, सँ-मिशेल नावाचं दहाव्या शतकातलं चॅपल आहे. त्याचं कार्ड मला एका निवृत्त शिक्षिकेने पाठवलं आणि पायऱ्या चढताना कुठे दम लागला तेही लिहिलं. एक अपवाद सांगते, राँशाँ. तिथलं आधीचं चॅपल १९४४ च्या लढाईत पडलं आणि आजचं, चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने रचलेलं, १९५५ मध्ये उघडलं. तिथे जुनं आणि नवं दोन्ही हवंच.

आता नागपूरचं ऊन आणि कूलर. उन्हाळ्यात आपण वाळ्याच्या ताट्या लावून खोली गार करतो. माणसाला ते सुख असतं, पण त्या ओल्या हवेत कागद फुगतो. माझी अकरा कार्डं एका मे महिन्यात कूलरच्या खोलीत वाकडी झाली आणि त्यातल्या दोन कार्डांचे फोटोथर पाकिटाला चिकटून निघाले. त्या दोनांतलं एक टायनमचं होतं. ती हळहळ अजून गेलेली नाही. तेव्हापासून डबा आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवते आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलते. पाकिटं पॉलिप्रॉपिलिनची घ्या. वास येणारं मऊ प्लास्टिक आणि चिकट पानांचे अल्बम जुन्या कार्डांचा घात करतात. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेवते, पण कार्डांना लागून नाही. नव्या कार्डांना एवढे सोपस्कार लागत नाहीत. ज्यांच्या घरी अशी कोरडी जागा नाही त्यांनी जुन्या कार्डांत पैसे घालू नयेत, हे मी स्पष्टच सांगते.

पाठवायचं काय, हा नव्या कार्डांतला मोठा प्रश्न आहे. ताजमहाल सगळीकडे मिळतो. विदर्भातल्या किल्ल्यांची कार्डं दुकानात मला तरी दिसत नाहीत. म्हणून मी स्वतः छापून घेते. ९ × १४ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२ × २३.५ पेक्षा मोठं कार्ड परदेशी टपालात चालत नाही, त्यामुळे चार बाय सहा इंच अगदी बसतं. जाड कागद आणि मागची बाजू बिनचकाकीची घ्या, नाहीतर शिक्क्याची शाई पुसते. गाविलगड, नगरधन आणि रामटेक यांचे माझे फोटो चांगले गेले. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. त्याचा फोटो न घेता मागे १८१७ च्या लढाईच्या दोन ओळी लिहून पाठवते. जीपीओत फिलाटेली ब्युरोतून, म्हणजे संग्राहकांच्या तिकिटांच्या विभागातून, मोठी, देखणी तिकिटं घ्या आणि खिडकीवर हाताने शिक्का मारून मागा. घाईच्या वेळी गेलं नाही तर हसून मारून देतात.

"मावशी, मग दोन्ही काऊन नाही करायचं?" भाचीने विचारलं. करता येतं, पण पाचशे रुपयांत दोन्हीकडे हात घातला की जुन्यांत काहीच धड जमत नाही. किल्ले आणि गावं यांचा इतिहास हवा असेल तर जुनी कार्डं घ्या आणि एकच जागा धरा. चॅपल हवी असतील, किंवा टपालपेटी उघडण्याची ओढ असेल, तर नवी. शंभर जागांचं एकेक जुनं कार्ड घेऊ नका. मी पहिली तीन वर्षं तेच केलं आणि त्यातलं निम्मं पुढे वाटून टाकलं.

जागा कुठली, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ती नागपूरच्या एस.एफ.एस. म्हणजे सेंट फ्रान्सिस दी सेल्स कॉलेजात शिकली. ज्या मिशनरी संघामुळे ते नाव नागपुरात आलं तो १८३८ मध्ये आनसी या गावात स्थापन झाला, आज ते फ्रान्समध्ये आहे. तिथे जुन्या गावावर उभा असलेला किल्ला आहे, कालवे आहेत, तळं आहे, आणि चित्रकार्डांच्या सुवर्णकाळात तिथली भरपूर कार्डं निघाली. तीन वर्षं ज्या नावाच्या फाटकातून ती आत जात होती त्याचं मूळ गाव तिने कधी पाहिलं नव्हतं. मी डेलकँप उघडून दिलं. पहिली दोन पानं ती नुसती बघत राहिली.

तिने ठरवलं ते असं: एक महिना सोडून एक आनसीचं जुनं कार्ड, मधल्या महिन्यात पाच नवी पाठवायची. पहिलं पाठवलं ते गाविलगडचं, माझ्याच फोटोचं, जर्मनीतल्या एका आजोबांना. मागे तिने विचारलं आहे, तुमच्या गावात गढी आहे का?