स्वयंपाकघरातला वजनकाटा: सात महिने वापरल्यानंतर

स्नायू वाढवायचे म्हणून मी सगळ्यात आधी प्रोटीन पावडरचा डबा आणला. खरा फरक पडला तो नंतर घेतलेल्या छोट्या डिजिटल काट्यामुळे. पाच किलोपर्यंत तोलतो, एक-एक ग्रॅम दाखवतो, एवढंच त्याचं काम.

तेव्हा माझं वजन ६८ किलो होतं. नियमित वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे मला ११०च्या आसपास हवी होती. तेवढी पोटात जातच असतील अशी माझी पक्की समजूत होती. वाटीभर डाळीचे मी १५ ग्रॅम धरायचो. शिजवण्याआधी डाळ तोलली, तर माझ्या वाट्याला जेमतेम ३० ग्रॅम कोरडी डाळ येत होती. त्यात प्रथिनं ७ ग्रॅम, बाकी वाटीत पाणी. आठवड्याचा हिशोब मांडला तेव्हा रोजची बेरीज ६५च्या पुढे जात नव्हती. दोन महिने व्यायाम करूनही वजन का हलत नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

शेंगदाण्यांनीही असंच चकवलं. येता-जाता मूठ-मूठ खाऊन दिवसाला ५० ग्रॅम व्हायचे. त्यातून प्रथिनं मिळायची १२-१३ ग्रॅम आणि उष्मांक मात्र २८०, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. पदार्थ चांगलाच आहे, मी आजही खातो, पण आता त्याला स्निग्ध पदार्थांत धरतो.

काटा घेणाऱ्याने एक चूक जरूर टाळावी. मी चिकन कच्चं तोलायचो आणि आकडा शिजवलेल्याचा लावायचो. शिजताना पाणी निघून जातं, म्हणून शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम प्रथिनं दिसतात. कच्च्यात ती २२-२३च असतात. रोज १५० ग्रॅमवर बारा-तेरा ग्रॅम जास्त लिहिले जात होते, तेही सहा आठवडे! तेव्हापासून सगळं कच्चंच तोलतो आणि कच्च्याचाच आकडा लावतो.

आता सकाळी तीन अंडी आणि पेलाभर दूध, दुपारी भाताबरोबर ५० ग्रॅम कोरडी कडधान्यं आणि दही, रात्री चिकन किंवा सोयाबीनच्या वड्या. पावडर एकच चमचा, संध्याकाळी. आधी सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणावर ढकलायचो. सकाळची अंडी वाढवल्यापासून अकरा वाजता भूक लागत नाही. पहिल्या महिन्यात प्रथिनांच्या नादात भाज्या-फळं मागे पडली आणि पोट साफ होईना. ती परत ताटात आली, पाणी वाढवलं, त्रास थांबला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

काट्यात उणिवा आहेत. दोन-तीन ग्रॅमच्या खालचं वजन तो नीट पकडत नाही आणि भाजी चिरेपर्यंत बंद पडतो. भांडं ठेवून शून्य करायचं बटण मात्र फार उपयोगी. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करतो, किती ग्रॅम ओतलं ते उणे आकड्यात दिसतं.

सात महिन्यांत वजन ७१ किलो झालं, कंबर तेवढीच राहिली, आणि स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) ५० किलोवरून ७५वर गेला. रोजच्या पदार्थांचा अंदाज आता डोळ्यांना आला आहे, त्यामुळे काटा बाहेर निघतो तो नवीन काही शिजवायचं असेल तेव्हाच.