ब्लेनहाइम की चॅट्सवर्थ, कुठे जायचं?

मुलांकडे लंडनला आलेल्या आईबाबांना एक तरी मोठं जुनं घर दाखवायचंय आणि हातात एकच दिवस आहे, तर सरळ ब्लेनहाइम पॅलेस. पॅडिंग्टनहून ट्रेनने ऑक्सफर्ड तासाभरात, तिथून वुडस्टॉकची बस, रात्री जेवायला घरी. चॅट्सवर्थ डर्बीशायरमध्ये, चेस्टरफील्डपर्यंतच दोनेक तास जातात आणि पुढे बस नाहीतर टॅक्सी, त्यामुळे तिकडे एक मुक्काम धराच.

आतून बघायला ब्लेनहाइम जास्त दिपवतं. १७०४ ची ब्लेनहाइमची लढाई जिंकली म्हणून मार्लबरोच्या ड्यूकला मिळालेलं घर, सगळा थाट विजयाचा, शिवाय १८७४ साली चर्चिल जन्मला ती खोलीही दाखवतात. चॅट्सवर्थमध्ये मला ते व्हायोलिन आवडतं, दारावर टांगलंय असं वाटतं आणि असतं नुसतं रंगवलेलं.

पण बागेसाठी जायचं असेल तर माझं मत चॅट्सवर्थलाच. तसा दोन्हीकडचा पार्क कॅपेबिलिटी ब्राउन या अठराव्या शतकातल्या नामी बागरचनाकारानेच घडवलाय. ब्लेनहाइमला त्याने ग्लाइम नदी अडवून तलाव केला, वुडस्टॉकच्या गेटमधून आत आलं की तलाव, पूल, पॅलेस सगळं एकदम समोर येतं, आणि ते खरंच सुंदर आहे, पण पाणी शांत पसरलेलं. चॅट्सवर्थला पाणी खेळवलंय! डोंगरावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा कॅस्केड तीनशे वर्षं जुना, पायऱ्या मुद्दाम वेगवेगळ्या म्हणून पाणी सुरू असेल तेव्हा आवाजही बदलत जातो, आणि रशियाचा झार येणार म्हणून इथल्या मुख्य माळ्याने, पॅक्सटनने, १८४४ मध्ये केलेलं एम्परर कारंजं पंपाशिवाय, वरच्या तळ्यातल्या पाण्याच्या दाबावरच उडतं (झार काही आलाच नाही). याच पॅक्सटनने इथल्या काचघरात केळी वाढवली आणि मालकाच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश नाव पडलं, आपल्या जळगावची बसराई आणि जी-नाइन त्याच गटातली. जळगावकरांनी तर एवढ्यासाठी तरी जावं!

गुडघे दुखत असतील तर ब्लेनहाइम बरं, पॅलेसजवळ बरंचसं सपाट आहे, चॅट्सवर्थची बाग चढाची. लहान मुलं सोबत असतील तर उलट, तिथे फार्मयार्ड आणि खेळायची जागा आहे, त्यात पोरं रमतात. खर्चाचं म्हणाल तर तिकिटं दोन्हीकडची महागच, पण चॅट्सवर्थच्या पार्कात नदीकाठी चालायला पैसे लागत नाहीत, फक्त गाडी असेल तर पार्किंगचे द्यावे लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र चॅट्सवर्थचं घर सहसा बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच ट्रेन बुक करा.