ओपनडब्ल्यूआरटीसाठी राउटर: जुना आर्चर सी७ की ओपनडब्ल्यूआरटी वन?

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी) भरता येणारं मुक्त फर्मवेअर. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ओळखीत जुना टीपी-लिंक आर्चर सी७ मिळाला, तर आधी तळाच्या लेबलवरची आवृत्ती वाचा. व्ही२ची (आवृत्ती २ची) फर्मवेअर फाईल व्ही५ला चालत नाही. व्ही५मध्ये १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा), १२८ एमबी रॅम आणि एकच कोअर आहे. १०० एमबीपीएसच्या लाईनवर एसक्यूएम (लाईन भरलेली असतानाही विलंब कमी ठेवणारी सोय) लावूनही तो नीट काम करतो. त्यापुढे प्रोसेसर दमतो.

कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना 'फॅक्टरी' फाईल, नंतरच्या अपग्रेडला 'सिसअपग्रेड'. इथे बरेच लोक चुकतात. शा-२५६ (फाईल अखंड उतरली का ते दाखवणारा आकडा) जुळवा, लॅन केबल लावा, वायफायवरून अजिबात भरू नका. राउटर यूपीएसवर ठेवा आणि महावितरणच्या देखभालीमुळे वीज जाते तो गुरुवार टाळा. फर्मवेअर लिहिताना वीज गेली की तो सुरूच होत नाही. तेव्हा लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ पत्ता देऊन टीएफटीपीने (केबलवरून फाईल पाठवायच्या साध्या पद्धतीने) वाचवावा लागतो. भरल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, वायफाय मुद्दाम बंद असतं, ते सुरू करून देश 'आयएन' (भारत) निवडा.

२०२४ अखेर आलेल्या 'ओपनडब्ल्यूआरटी वन'मध्ये हे फर्मवेअर आधीच असतं. १ जीबी रॅम, २५६ एमबी नँड (मुख्य साठवण), वायफाय ६. बिघडलं तर राउटरवरचं बटण नॉरवर (वेगळ्या राखीव चिपवर) सरकवून यूएसबीवरून परत भरता येतं. पण लॅन पोर्ट एकच, म्हणून टीव्ही-संगणकासाठी वेगळा नेटवर्क स्विच (जास्त पोर्ट देणारा डबा) घ्या. २०२४मध्ये आला तेव्हा किंमत ८९ डॉलर होती, वर टपाल आणि सीमाशुल्क.

३०० एमबीपीएसची फायबर लाईन असेल तर वनच घ्या.